पलीकडच्या बाजूला

सावुसावू,
मंगळवार, ४ मार्च

प्रिय मेरेओनी,

तुम्हा दोघांच्या डोक्यावर देवाचा हात असो. आई बरी आहे. बोटीने अळूचे कंद आणि भाजलेली मासळी पाठवतोय. सुवाच्या इस्पितळातलं जेवण सेवुलोनीला जात नसेल. इथे शाळेच्या सभागृहाचं छत अर्धं झालं. रविवारी अख्ख्या देवळाने सेवुलोनीच्या पायासाठी प्रार्थना केली. माझे डोळे काही मिटेनात.

फोनवर तू विचारलंस, "बाबा, ते झालं तरी कसं?" मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज नीट येत होता.

त्या दिवशी ट्रेलरवर प्लायवूडचे गठ्ठे होते. डोंगरातल्या वळणांनी ते पलीकडे कलले होते. इसिकेली अलीकडून ते बांधलेले पट्टे सोडत होता. मागे उभं राहून दोन्ही बाजू बघायच्या आणि पलीकडे कोणी दिसलं तर ओरडायचं, एवढंच माझं काम.

सेवुलोनी लाकडी ठोकळे घ्यायला पलीकडे गेला. मी पाहिलं.

सासऱ्याने जावयाशी थेट बोलू नये, ही आपली रीत. चार वर्षं जेवताना मीठसुद्धा मी त्याच्याकडे तुझ्या तोंडून मागितलं. तेव्हाही मी इसिकेलीलाच म्हणालो, "त्याला म्हणावं, बाजूला हो."

इसिकेली माझा आतेभाऊ, आमचं नातं थट्टेचं. म्हणाला, "तूच सांग की! जावयाशी बोललास तर दात गळतील का रे म्हाताऱ्या?" सेवुलोनी कुठे उभा आहे ते त्याला दिसत नव्हतं. हसता हसता त्याने शेवटचा पट्टा सोडला आणि गठ्ठे पलीकडे सेवुलोनीच्या पायावर कोसळले.

अपघाताच्या कागदावर लिहिलं गेलं: जखमी कामगार स्वतःच्या चुकीने पलीकडे गेला. खाली माझी सही आहे.

आज सकाळी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "एपेली, आता कशाला उकरतोस? काम जाईल तुझं." मी कोरा कागद मागितला आणि सगळं लिहून दिलं.

पोरी, आता इथून पुढचं त्याला मोठ्याने वाचून दाखव.

सेवुलोनी, बाळा, चूक तुझी नव्हती. मला तू दिसत होतास, आणि मी ओरडलो नाही. शुक्रवारच्या बोटीने येतोय. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस तरी खाटेपाशी बसेन.

ज्याने तुला वेळेवर हाक मारली नाही, तो
तुझा सासरा,
एपेली