भांडी हलकी असावीत

५ मार्च

चि. मनीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. लाल शाईच्या खुणा करून ते सोबत परत पाठवीत आहे. रागावू नकोस. चाळीस वर्षे छापखान्यात इतरांच्या चुका वेचून पोट भरले. निवृत्त झालो तरी हात स्वस्थ बसत नाही.

येत्या सुटीत मीही तुमच्याबरोबर यावे, असे तू लिहितेस. येण्यास माझी ना नाही. परंतु तुमच्या सुटीची तऱ्हा मला उमगत नाही. माणसे सुटीत हॉटेलात उतरतात, घंटा वाजवितात आणि आयते ताट पुढे येते. तुम्ही मात्र दरवर्षी कोणाचे तरी अख्खे घर भाड्याने घेता, आणि तू आपल्या घरची चूल सोडून परक्याच्या चुलीपुढे उभी राहतेस. याला सुटी म्हणावयाचे की बदली? शिवाय ही घरे तुला लाभत नाहीत. गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरून हात गळ्यात बांधून आलीस. त्याआधीच्या वर्षी कपाटाचे दार लागून भुवई फाटली होती. भाड्याच्या घरांतील फरश्यांचे आणि कपाटांचे तुझ्याशीच काय वैर आहे, कोण जाणे.

इकडची बातमी वाईट आहे. तळमजल्यावरच्या शिंप्याने परवा बायकोच्या पाठीवर तापलेली इस्त्री दाबून धरली. किंकाळी माझ्या खोलीपर्यंत आली. मी खाली जाऊन त्याच्या मानेवर छत्रीची मूठ हाणली. पोलीस त्याला घेऊन गेले. इतकी वर्षे गप्प का बसलीस, असे मी त्या बाईस स्पष्टच विचारले. पत्ता चुकलेल्या माणसाकडे पाहावे, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

जावईबापूंस आशीर्वाद. थोरलीस आणि धाकट्यास गोड पापा.

तुझा
बाबा

---

१४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लाल खुणा पाहिल्या. त्यांतल्या दोन मला मान्य नाहीत, भेटीत भांडू.

हॉटेलाचे म्हणाल, तर आम्ही तेही करून पाहिले आहे. तुम्हाला कळवले नव्हते. तीन वर्षांपूर्वी सूप थंड आले म्हणून ह्यांनी वेटरचा पंजा टेबलावर दाबून धरला आणि त्यात काटा खुपसला. काटा आरपार गेला आणि टेबलक्लॉथला अडकला. धाकटा तेव्हा माझ्या मांडीवर होता. मॅनेजर धावत आला, मग पोलीस आले, पुढे मिटवामिटवी झाली. त्या दिवसापासून हॉटेल नको, असे ह्यांनीच ठरवले. भाड्याच्या घरात मध्ये येणारे कोणी नसते.

आणि खरे सांगू? मुलांना तेच आवडते. सकाळी झोपेच्या कपड्यांत अनवाणी स्वयंपाकघरात यायचे, भूक लागेल तेव्हा खायचे, दूध सांडले तर कोणी वळून पाहत नाही. थोरली बटाटे सोलते आणि सर्वांत लांब साल तिची, म्हणून धाकट्याशी पैज लावते. दुपारी हे झोपले की आम्ही तिघे मागच्या पायरीवर बसून पाव आणि जॅम खातो. वर्षभर मी त्या पायरीची वाट पाहते. तुम्ही बटाटे चिरून दिलेत तर तुमचीही सोय होईल.

घरमालकांना मी दोनच गोष्टी विचारते. भांडी हलकी आहेत ना, आणि न्हाणीघराला आतून भक्कम कडी आहे ना. गेल्या वेळची भांडी इतकी पातळ होती की बटाटे दरवेळी करपत. पण ते चालते.

शिंप्याच्या बायकोला पुन्हा तसे विचारू नका, बाबा. काही न बोलता जेवणाचा डबा देऊन या.

धाकट्याने पत्राच्या कोपऱ्यात तुमचे चित्र काढले आहे. नाक लांब आहे. तिथे लाल खूण करू नका.

तुमची
मनी

---

२२ मार्च

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

येतो. मागच्या पायरीवर मलाही जागा ठेव. बटाटे चिरीन, मात्र तुकडे एकसारखे नसले तर कोणी टोमणे मारू नयेत.

मनात एक गोष्ट सारखी खुपत आहे. माझ्या लेकीने सुटीत पत्र्याच्या भांड्यांत करपलेले बटाटे खावेत, हे मला मुळीच सहन होणार नाही. तुझ्या आईचा दांड्याचा बिडाचा तवा कपाटात पडून होता. काल तो काढला, घासला, तेल पाजले. आता आरशासारखा झाला आहे. उचलावयास अजूनही दोन हात लागतात. तो मी घेऊन येत आहे. करपणे म्हणजे काय, हे तू विसरून जाशील.

शिंप्याच्या बायकोस डबा दिला. तू म्हणालीस म्हणून काही विचारले नाही. तिनेही डबा धुऊन परत केला.

तुझा
बाबा

---

२९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

तवा आणू नका.

तुमची कंबर दुखते आणि प्रवास लांबचा आहे. तिथली शेगडी विजेची आहे, तिच्यावर तो नीट तापणार नाही. मला हलक्या भांड्यांची सवय झाली आहे. आईची वस्तू आहे, तुमच्याकडेच राहू द्या.

तुम्ही ऐकणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून पुन्हा लिहिते. तवा आणू नका. तुम्ही एकटे या, बाबा. लवकर या.

तुमची
मनी

---

२ एप्रिल

ती. सासरेबुवांस,
जावयाचा सा. न. वि. वि.

आपण येणार, हे ऐकून फार आनंद झाला. मनीने तव्यास नकार कळविला, असे समजले. तिचे मनावर घेऊ नये. चांगल्या भांड्याचे तिला जन्मजात वावडे आहे! तवा अवश्य आणावा. सकाळची अंडी त्यावरच होतील.

घर मी स्वतः निवडले आहे. रान संपते तिथे एकुलते एक घर. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरात दुसरे दार नाही. काउंटरवर चौकशा करणारा कारकून नाही, उठसूट दार ठोठावणारी नोकरमाणसे नाहीत. कुटुंबाने कुटुंबासारखे राहावे, ही मजा हॉटेलात कोठून येणार? आपल्यासारख्या शांतताप्रिय माणसास ते निश्चित रुचेल.

आपला लोभ आहेच, तो वाढता असावा.

आपला
जावई

---

११ मे

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तू फोनवर विचारलेस, तेव्हा मला बोलता आले नाही. थोरली बहीण म्हणून तुला सारे कळावयास हवे, म्हणून लिहितो.

पोहोचलो त्या दिवशी मनीने तवा माझ्या हातातून घेतला, छान झाला आहे म्हणाली, आणि गाडीच्या डिकीत जादा चाकाखाली ठेवून आली. मला तो निव्वळ हट्ट वाटला. स्वयंपाकघर मोठे आणि उजेडाचे होते; भांडी मात्र अंगठ्याने दाबली तरी वाकतील अशी. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठण्यापूर्वी मी खुंटीवरची किल्ली घेतली, डिकीतून तवा काढला आणि मोठ्या ऐटीत शेगडीवर चढविला. किल्ली खिशातच राहिली.

मनी आत आली. तव्याकडे पाहून ती जागच्या जागी थांबली. तो उचलावयास तिने हात पुढे केला, इतक्यात जावई शीळ घालीत आले आणि आज खरी अंडी खावयास मिळणार म्हणाले. तिने अंडी केली. चारांतील एकाचा बलक फुटला. हे फुटके कोणाचे, असे त्यांनी किती वाजले विचारावे, तशा आवाजात विचारले. माझे, असे ती म्हणाली. मग ते माझ्या ताटात का आहे, असे त्यांनी विचारले. तिने उत्तर देण्याच्या आत त्यांनी तवा उचलला आणि ओट्यावर टेकलेल्या तिच्या डाव्या मनगटावर त्याची कड हाणली.

हाड मोडल्याचा आवाज फार लहान असतो, आक्का. पुठ्ठा मुडपावा तसा. दुसरा घाव खांद्यावर बसला. ती ओरडली नाही. ओठ दाबून खाली बसली. त्याच क्षणी न्हाणीघराची कडी वाजली आणि आतले सगळे नळ सुरू झाले. आठ वर्षांच्या थोरलीने धाकट्यास आत ओढून घेतले होते आणि त्याला काही ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडले होते. तिला कोणी सांगितले नव्हते. तिला सवय होती.

कडी भक्कम का हवी आणि भांडी हलकी का हवीत, हे मला तेव्हा कळले. पोरीने लिहून कळविले होते. मी तिच्या पत्रावर लाल खुणा केल्या आणि घरात नसलेले हत्यार तेल पाजून नेऊन दिले.

मी त्यांची गचांडी धरली. त्यांनी मला एका हाताने भिंतीवर दाबले आणि गुडघा बरगड्यांत घातला, दोन मोडल्या. मी फ्रिजपाशी पडलो. त्यांनी तवा परत चालू शेगडीवर ठेवला, खुर्ची ओढली आणि पावाला लोणी लावून खाऊ लागले. मला म्हणाले की, सासरेबुवा, उठा, गार होईल. इथे उचलावयास वेटर येत नाही. मनी जमिनीवरून मला डोळ्यांनीच नको नको म्हणत होती.

एवढ्यावर थांबले असते, तर कदाचित मीही तिच्यासारखा गप्प बसलो असतो. परंतु खाऊन झाल्यावर ते तोंड पुसून उठले. कार्टी पाणी फुकट घालवतात, त्यांनाही एकदा शिकवतो, असे म्हणाले आणि न्हाणीघराच्या दाराला लाथा घालू लागले. तिसऱ्या लाथेला बिजागरी सुटली. आतून धाकटा रडला.

मी तवा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या गुडघ्यामागे घातला. ते कोसळले. मग पडलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीवर आणखी एक घातला. त्या दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो मी दिला.

किल्ली माझ्या खिशात होती, म्हणून आम्ही निघू शकलो. मला गाडी येत नाही. मनीने उजव्या हाताने चाक धरले आणि गिअर मी टाकले. ती पहिला म्हणाली की पहिला, दुसरा म्हणाली की दुसरा. मागे थोरली धाकट्याचे कान दोन्ही हातांनी झाकून बसली होती. तव्याचा दांडा तापलेला होता, हे मला गाव दिसू लागल्यावर कळले. तळहाताची कातडी गिअरच्या मुठीला चिकटली होती.

डॉक्टरांनी आणि पोलिसांनी विचारले ते सर्व आम्ही सांगितले. आता मी जामिनावर आहे. हे पत्र पुन्हा वाचून पाहिलेले नाही. चुका असतील, तर तशाच असू देत.

तुझा
धाकटा भाऊ

---

२० नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्लास्टर निघून महिने झाले, तरी मूठ अजून पुरती मिटत नाही. पेनाचे टोपण थोरली काढून देते. बाकी आम्ही तिघेही ठीक आहोत. ह्यांना आमच्या जवळपास फिरकण्यास कोर्टाने मनाई केली आहे. ते काठी घेऊन चालतात, असे ऐकले. ऐकून मला काय वाटले, ते लिहीत नाही. तुम्ही खूण कराल.

वकीलसाहेब तुमच्यावर अजून चिडलेले आहेत. एकच फटका मारला म्हणा, असे त्यांनी परोपरीने सांगितले असता तुम्ही जबाबात दोन लिहवलेत, दुसऱ्याची गरज नव्हती हेही लिहवलेत, आणि वर त्या हवालदाराचे शुद्धलेखन सुधारलेत! असा अशील मला आयुष्यात भेटला नाही, असे ते म्हणत होते. मी म्हटले, मला बाप म्हणून भेटला आहे, माझे काय होत असेल पाहा.

शिंप्याची बायको अजूनही रोज वर येऊन तुमच्या हातांवरच्या व्रणांना मलम लावते, असे आत्याने कळवले. तिने तुम्हाला काही विचारले नाही ना? विचारणार नाही.

आता कामाचे. पुढच्या महिन्यात मुलांना सुटी आहे. मी एक घर पाहिले आहे. कोर्टाने तुम्हाला जेवढे लांब जाऊ दिले आहे, त्याच्या आतच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली बेकरी, आणि समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी इतकी जवळ की मीठ हातोहात मागता येईल. गोंगाट असतो, असे मालकीणबाईंनी आधीच बजावले. मी त्याच फोनवर घर पक्के केले. मागे पायरीही आहे. धाकट्याने तुमची जागा ठरवून ठेवली आहे. ती त्याच्या शेजारी आहे आणि बदलून मिळणार नाही.

तवा मुद्देमाल म्हणून पोलिसांकडे आहे, तेव्हा तुम्ही तो आणण्याचा प्रश्न नाही. भांडी हलकी आहेत ना, असे मी याही वेळी विचारले. दचकू नका. माझ्या मुठीत अजून जोर नाही, आणि अंडी थोरली करणार आहे. तिचे हात लहान आहेत. बलक फुटले तर फुटले, आजोबा तेही खातील, असे तिने परस्पर जाहीर केले आहे.

न्हाणीघराच्या कडीचे विचारायचे मात्र राहून गेले. तेही मला आत्ता, हे पत्र लिहिताना आठवले.

या. आमच्यावर माया आहेच. लाल शाईही येऊ द्या.

तुमची
मनी