राजूच्या पिंजऱ्यापुढच्या चपला

शनिवार, संध्याकाळी सात

आज पुन्हा राजूच्या पिंजऱ्यापुढे चपलांची रांग. हे प्राणिसंग्रहालय आहे, देऊळ नाही, हे मी किती वेळा सांगायचं? राजू आमचा म्हातारा वानर. शनिवार आला की लोकांना त्याच्यात मारुती दिसतो. मग केळी, खोबरं, बुंदीचे लाडू. सोमवारपर्यंत त्याचं पोट बिघडतं, आणि निस्तरायला मी आणि डॉक्टर. पुन्हा असा आजारी पडला तर तो वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण त्या चपलावाल्यांच्या कानात हे कोण घालणार?

गेल्या आठवड्यात ‘खायला घालू नये’ अशी कन्नड पाटी लावली, चांगली ठळक अक्षरांत. आज बघते तर पाटीलाच हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

पिंजरा सांभाळणाऱ्या बसप्पांना विचारलं, "अण्णा, तुमच्यासमोर लोक लाडू देतातच कसे?"

"मी कुणाला देऊ देत नाही, अक्का," ते शांतपणे म्हणाले. "सगळं माझ्या हातात घेतो आणि मीच त्याला स्वल्प स्वल्प भरवतो."

म्हणजे आता पुजारीसुद्धा आमच्याच पगारावर. आणि हे सांगितलं कसं, तर नियम पाळल्याच्या थाटात.

मी संतापले आणि हार ओढून काढायला तरातरा पुढे गेले. पायांना फरशी गार लागली म्हणून खाली पाहिलं.

माझ्या चपला मागे त्याच रांगेत होत्या. कधी काढल्या, आठवत नाही.