मायेचा हात

३ मार्च
दोन देशांतल्या सुइणींची जोडी लावणाऱ्या जोडसुईण योजनेत माझ्या वाट्याला इसाटू आली. सिएरा लिओनमधल्या प्रसूतिगृहातली मुख्य सुईण. तिकडे अडलेल्या बाईला चापट मारतात म्हणे. अंगावर काटा आला. महिनाभर ती माझ्याबरोबर इथे नेदरलँड्समध्ये, आमच्या फ्रीसलंडमध्ये घरोघरच्या बाळंतपणांना येणार आणि मग ठरवणार, तिच्याकडे ट्रेनिंगला कोण जाणार. अर्थात मीच. तिथे शिकवायचा विषयही ठरवलाय: 'मायेचा हात'. संकल्प: आवाजसुद्धा चढवायचा नाही.

७ मार्च
माझी सायकल ओढणाऱ्या माणसाला पंपाने झोडपलं. पोस्टमन निघाला, वाट मोकळी करत होता मेला. पण तो काही बाळंतीण नव्हता. संकल्प शाबूत.

१५ मार्च
आम्हा सुइणींची कंबर मोडू नये म्हणून बाळंतिणीचा पलंग उंच करतात. नवऱ्याने खाली बिअरचे क्रेट लावले होते. ऐन कळांमध्ये हा वाकून एकेक बाटली काढतोय. हातातली हिसकावून भिंतीवर फोडली. बिचारा विचारत होता, हे विम्यात बसतं का. इसाटूने काचा झाडल्या. निरीक्षण चांगलं आहे पोरीचं, शिकेल.

२६ मार्च
गवळ्याची बायको फ्राउके. जोर लावेना. प्रेमाने समजावलं. मग मांडीवर थोपटलं. जरा जोरात असेल, पाची बोटं उठली. तिने लाथ घातली, माझा दात हलला. हात पुन्हा वर गेला तो इसाटूने मनगट धरलं. काय पकड आहे बाईची! हळूच म्हणाली, बाहेर जा हिल्के, हात धुऊन ये.
अंगणातल्या बादलीला लाथ मारली. अंगठा मोडला. आत फ्राउके इसाटूच्या गळ्याला मिठी मारून बाळंत झाली. मुलगी. बाळ झालं की आमच्याकडे वाटतात तो बडीशेपेचा टोस्ट सगळ्यांना मिळाला, मला कुणी विचारलं नाही. फार लागलं मनाला. दात हलत असताना टोस्ट कसा खाणार, म्हणून नसेल विचारलं.

३१ मार्च
निकाल. इसाटू म्हणाली, तू ये. म्हटलं ना! विचारलं, किती तास शिकवायचं? म्हणाली, शिकवायचं नाही, बसायचं. हात उचलणाऱ्या सुईणींचा वर्ग ती स्वतः घेते. पूर्वी तीही मारायची म्हणे. माझ्यासाठी पहिल्या बाकावर, तिच्या हाताशी जागा ठेवलीय.
टेबलावर मूठ आपटणार होते. तिने नुसतं मुठीकडे पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. म्हणाली, शाब्बास, पहिला धडा हाच.
म्हणजे वर्गापेक्षा मी एक धडा पुढेच आहे.