तांब्याच्या बाटलीतलं पाणी

बाबा, आज सकाळी घरात पन्हं केलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. एवढे उन्हाळे आले आणि गेले, कैऱ्याही आल्या, त्यांचं लोणचं झालं, मेथांबा झाला, पण पन्ह्याचं नाव ना मी काढलं ना आईनं. काल काढावं लागलं, कारण आम्हा शिक्षकांना ऐन मे महिन्यात सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलंय आणि आजपासून मला कामठीत दारोदार फिरायचंय. कैऱ्या निवडता निवडता आईच म्हणाली, "पन्हं घेऊन जात जाय वं, उन्हाचं काही खरं नाही."

कैऱ्या मी गॅसवर जाळी ठेवून भाजल्या. कुकरमध्ये उकडायचा धीर झाला नाही. उकडलेल्या कैरीचं ते सरबत, पन्हं नव्हे, असं तुम्ही आईला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती चिडून स्वयंपाकघर तुमच्या हवाली करायची. मे महिन्यात नागपुरात आंघोळीला गरम पाणी कोण घेतं? तरी मागच्या अंगणातली पाणी तापवायची चूल तुम्ही रोज पहाटे पेटवायचात, फक्त कैऱ्यांसाठी. अजून पुरतं उजाडलेलं नाही. तुम्ही बनियनवर उकिडवे बसला आहात, निखाऱ्यातल्या कैऱ्या चिमट्यानं फिरवता आहात, आणि तो आंबट धुराचा वास माझ्या अंथरुणापर्यंत येतो आहे. मग गर हातानंच कुस्करायचा, त्यात गूळ, भाजलेलं जिरं, काळं मीठ. सालं टाकायची नाहीत. ऊन लागू नये म्हणून ती माझ्या तळपायांना चोळायची, तीही मी झोपेत असताना. मी पाय आखडून घेतले की तुम्ही म्हणायचात, "थांब वं माय, कॉलेजात तुहे तळपाय कोणी पाहून नाही राह्यलं."

आणि मग ती बाटली. ट्रान्सफॉर्मर उडाला की लोक सगळ्यात आधी लाइनमनच्या नावानं शिमगा करतात, आणि आपल्या घरातला लाइनमन दुपारी खांबावरून उतरून पन्हं प्यायचा ते दारूच्या चपट्या बाटलीतून! भंगारवाल्याकडून आणलेला काचेचा अद्धा, राखेनं घासून लख्ख केलेला. अवजारांच्या पिशवीच्या कप्प्यात तो बरोबर बसतो, एवढंच तुम्ही पाहिलं. गुळाच्या पन्ह्याचा रंगही नेमका तसाच दिसतो, हे तुमच्या डोक्यात कधी आलंच नाही. दारूला आयुष्यात न शिवलेल्या माणसाच्या डोक्यात यावं तरी कसं?

धरमपेठेतली ती दुपार मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मैत्रीण आणि मी कॉलेजातून सायकलींवर येत होतो, दोघींची तोंडं ओढणीनं घट्ट बांधलेली, नुसते डोळे उघडे. चौकातल्या लिंबाखाली तुम्ही बसला होतात. अंगावर घामानं पांढरे डाग पडलेला खाकी शर्ट, मान मागे टाकलेली, तोंडाला अद्धा. मैत्रीण म्हणाली, "पाह्य ना, भरदुपारी लावून बसला. म्हणूनच तर लाइट येत नाही आपल्याकडे." तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. हे माझे बाबा आहेत आणि ते पन्हं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी हसले. तिच्यापेक्षा जरा मोठ्यानंच हसले, आणि पायडल मारत पुढे निघून गेले.

पुढच्याच रविवारी मी इतवारीत जाऊन शिकवणीच्या पैशातून तांब्याची बाटली आणली. झाकणाची, नक्षीदार, कुठेही काढली तरी माणूस घरंदाज दिसेल अशी. तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं असतं, असं काहीतरी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ती दोन्ही हातांत घेऊन फिरवून फिरवून पाहिलीत. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत तीच बाटली. अद्धा कुठे गेला ते मी विचारलं नाही. पहाटे चूल पेटेनाशी झाली, पन्हं नुसतं रविवारी घरात व्हायला लागलं, तेही मला दिसत होतं. कंटाळले असतील, असं मी समजले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला आणि चौथ्या दिवशी तुमच्या सोबतच्या लोकांनी तुम्हाला ऑटोत घालून घरी आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. ऑटो दारात उभी ठेवून आईनं घरात होत्या त्या कैऱ्या गॅसवर धरल्या आणि अर्धवट भाजलेला तो गर तुमच्या तळपायांना चोळत राहिली. ते पाय तुम्ही आखडून घेतले नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, उशीर झाला. पिशवी परत आली तेव्हा तांब्याच्या बाटलीत अर्धं पाणी होतं.

ती बाटली मी जपून ठेवली. दर दिवाळीला चिंचेनं घासते, लगेच लखलखते. आज पन्हं गाळून झाल्यावर मी तीच बाटली काढली आणि ओतायला लागले, तशी आईनं माझा हात धरला. "त्याच्यात नको वं! आंबट कळकते तांब्यात. जहर होते त्याचं." जी चिंच तांब्याचा थर काढते तिनं मी इतकी वर्षं तो तांबा घासला, आणि हे मला सुचलं नाही. स्टीलच्या भांड्यांत वाढलेली पोर मी. "बाबांना माहीत होतं?" मी विचारलं.

आई ओट्याला टेकली. "माहीत होतं तं. म्या म्हटलं, काचेची न्या ना मंग. तं म्हणे, लेकीनं हौसेनं देल्ली, थे घरी ठेवून तो अद्धा नेला तं तिले काय वाटन? पाण्यानं भागते माह्यं. तिले सांगू नको, म्हणे. साऱ्या ऑफिसात दाखवत फिरले थे बाटली."

पन्ह्यानं तुम्ही वाचला असता का? तसं कुणीच सांगू शकणार नाही, आणि मीही स्वतःला रोज तेच सांगत राहीन. पण त्या उन्हात तुम्ही नुसतं पाणी पीत होतात ते माझ्यामुळे. आई माझ्याकडे बघून घाबरलीच. पदरानं माझे डोळे पुसत म्हणाली, "रडू नको बाई. तुले काय माहीत? तू तं मायेनंच देल्ली होती ना?"

बाबा, मला तुमची लाज वाटली होती. ती बाटली मी तुमच्यासाठी आणलीच नव्हती. पुन्हा कुणी हसलं तर मला त्यात सामील व्हावं लागू नये, म्हणून आणली होती. तुम्ही ती साऱ्या ऑफिसात दाखवलीत. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि आईच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून लिहून झालं की त्याच बाटलीत गुंडाळी करून टाकणार आहे. पन्हं मी काचेच्या बरणीत भरलं. आई अजून उत्तराची वाट बघत होती, ओला पदर हातात धरून.

मी म्हटलं, "हो."