पाणी सोडण्याआधी धुतलेलं कपाळ

बाबा, तलावाच्या गेटची चावी यंदा माझ्याकडे आली. सरकारनं लोखंडी गेट बसवलं आहे. तुमच्या वेळी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातलं लाकडी बूच उपसावं लागे. गावात तुमची ती गोष्ट अजून सांगतात, पण चुकीची सांगतात. म्हणतात, तुमच्या हातात लोटा होता. लोटा नव्हता. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीनं कपाळ धुतलं. मी पाळीवर, अगदी जवळ उभा होतो. पाण्याच्या मोटारी खोलून-जोडून आपला आपणच कारागीर झालेला, कोणाकडून काही शिकायचं नाही असं मानणारा.

धान निसवत होतं आणि आकाश कोरडं. पाणी सोडायच्या सकाळी गाव पाळीवरच्या मातामायला नारळ फोडतं, मग पाणकर पाणी सोडतो. तलाव सरकारजमा झाला, तुम्ही सरकारचे पाणकर झालात, तरी रीत तीच. त्या वर्षी खालच्या बांधीवाला, खालच्या धानाच्या तुकड्याचा मालक, तेवढा पूजेला आला नाही. त्याच्या घरानं येशूची प्रार्थना धरली होती. पूजा आटोपल्यावर तो फावडं घेऊन दूर उभा राहिला. पाणी चुकलं असतं तर त्याच्या धानात दाणाच भरला नसता.

“मायले हात जोडत नाही, अन् पाणी मायचं पायजे?” कोणीतरी ओरडलं. “नोका देऊ त्याले!”

मायला सगळ्यांच्या आधी कुंकू वाहणारे तुम्ही. सरळ पाण्यात उतरलात, कपाळावरचं कुंकू धुतलंत.

“कपाळ धुतलं तं देव उतरला का गा?”

“कपाळावर बसला असता तं रोजच्या पसिन्यानंच वाहून गेला असता.” लोक हसत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “सकाळी मायचा भगत होतो. आता सरकारी पाणकर आहो. ये गा, नंबर तुझा आहे.”

पाणी त्याच्या बांधीकडे वळलं. तुम्ही माय सोडली नाही, त्यालाही त्याचा येशू सोडायला लावला नाही. सरकारनं कुठल्याच धर्माचं होऊ नये, हे मी पुढं पुस्तकं विकत आणून, अडलेला शब्द न् शब्द शोधून समजून घेतलं. तुम्ही ते एका ओंजळीत कसं बसवलंत, ते अजून कळत नाही.

परवा पूजा आटोपल्यावर त्याच खालच्या बांधीवाल्याच्या घरची सून फावडं घेऊन आली. पोरांनी मोबाईल काढले.

“काका, हिले पयले मायपुढं हात जोडाले लावा, मंग गेट खोला.”

“भाऊजी, नंबर आमचा आहे,” ती म्हणाली. “हात काऊन जोडू?”

माझ्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. मी पाण्यात उतरलो, कपाळ धुतलं, वर येऊन चावी फिरवली. पाणी तिच्या पाटाला लागलं. वाटलं, हे हात माझे नाहीत.

हा कागद घडी करून खिशातच ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. कपाळ धुताना मी वळून पाहिलं, मोबाईल चालू आहेत ना म्हणून. तुम्ही वळून पाहिलं नव्हतं.