राजाच्या गुन्ह्यांची यादी

शुक्रवार, १ ऑगस्ट
आज पुन्हा तीच खुर्ची! उजवा हात तुटलेला, मागचा पाय अधू. इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत सहा वर्षं माझ्या वाट्याला तीच. अध्यक्ष रत्नाकररावांची मात्र गादीची. बैठक त्यांच्या घरी, म्हणून खुर्ची त्यांची — अध्यक्षपदही बहुतेक त्याच सोफासेटबरोबर आलेलं.

पंधरा ऑगस्टचं भाषण मी लिहायचं, वाचणार ते. विषय — क्रांतीच्या विचारांनी गुलाम देश कसे पेटले. गेल्या वर्षीचंही माझंच. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "अनुराधावहिनींची थोडी मदत झाली." थोडी! शीर्षकापासून 'जय हिंद'पर्यंत!

यंदा सूड घेणार. लिहून ठेवते, म्हणजे माघार नको.

सोमवार, ४ ऑगस्ट
अनिमेष म्हणाला, "खलास कर ना विषय. एक भाषण तर आहे." तेलाच्या प्लांटमध्ये थेंबभर गळती झाली तर हा रात्रंदिवस तळमळतो. घरात बायको उकळतेय, तर चहा मागतो.

गुरुवार, ७ ऑगस्ट
खालच्या मजल्यावर शरफुन्निसाभाभींकडे गेले. नवऱ्याचं इथे सौदीत, अबकैकमध्येच स्पेअर पार्टचं दुकान. त्या रत्नागिरीला नऊ वर्षं इतिहास शिकवायच्या. मंडळात नाहीत. रत्नाकरराव म्हणतात, "त्या आपल्यातल्या नव्हेत हो, पण सांदणं काय करतात!"

भाभी म्हणाल्या, "फ्रान्सने लिहिलं, माणसं जन्मतः समान. लिहिताना साहेबाच्या मनात साहेबच होता. त्याच्याच वसाहतीतल्या, हैतीच्या गुलामांनी ते खरं धरलं आणि त्याच्यावरच उलटवलं. आपल्याकडेही तेच. साहेबाच्या पुस्तकात स्वातंत्र्य वाचलं, मग साहेबालाच विचारलं, आमचं कुठाय?"

"आणि अमेरिका?"

"त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाच्या गुन्ह्यांची यादी केली. शिवीगाळ नाही. एकेक गुन्हा, ओळीने." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमच्या राजाची करायची का?"

सोमवार, ११ ऑगस्ट
चार पानं तयार. भाभी होत्या मदतीला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
पानं पोचवली. रत्नाकररावांनी न बघता फाइलीत सरकवली. आधी वाचायचं नाही, ही त्यांची शान. "वाचलं की ताजेपणा जातो, वहिनी."
जाऊ नयेच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
हॉल गच्च. सुरुवातीलाच म्हणाले, "हे लिहायला मला तीन आठवडे लागले." दोर स्वतःच्या हाताने गळ्यात घातला.

मग भरदार आवाजात यादी. "राजाने सभा स्वतःच्या सोयीच्या जागी बोलावल्या. राजाने निवडणुका पुढे ढकलल्या. प्रजेला न विचारता वर्गणी वाढवली." मागे कोणीतरी खोकलं. "राजाने गादी स्वतः घेतली, प्रजेला मोडकं आसन दिलं." पहिलं हसू अनिमेषचं. "प्रजेने लिहिलं, राजाने आपल्या नावाने वाचलं—"

इथे थांबले. पान उलटून पाहिलं. सगळा हॉल हसत होता, आणि हे माझं नव्हे म्हणायची सोय उरली नव्हती.

इतक्या वर्षांत या देशात इतकं गोड काही खाल्लं नाही. खजूर धरून.

भाभींना ऐकता आलं नाही. मागे सांदणांचे डबे उघडत होत्या.

बुधवार, २० ऑगस्ट
रत्नाकररावांनी पद सोडलं. अध्यक्ष मी. बैठक आमच्याकडे झाली आणि मी आमच्या सोफ्यावर ऐसपैस बसले. मंडळाच्या अंकात भाषण छापायचं ठरलं, माझ्या नावाने. अखेर!

भाभी रिकामे डबे न्यायला आल्या. टेबलावर अंकाचं प्रूफ होतं. "छान दिसतंय नाव," म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुमची थोडी मदत झाली, भाभी."

त्या हसल्या. डबे घेऊन गेल्या.

गुरुवार, २१ ऑगस्ट
११ तारखेचं पान उघडलं. 'मदतीला.' भाषणाची मूळ चारही पानं त्यांच्या अक्षरातली. मी फक्त उतरवून काढली. मोडक्या आसनाची ओळ तेवढी माझी. राजाने आपल्या नावाने वाचलं, हेही त्यांचंच.

प्रूफवरचं माझं नाव खोडलं, त्यांचं लिहिलं. सभासदांच्या यादीतही त्यांचं नाव घातलं. मग रत्नाकररावांकडून ती मोडकी खुर्ची मागून आणली. पुढच्या बैठकीत मी तिच्यावर बसेन.