साळूची निळी टोपी

४ फेब्रुवारी

साळू नदीपार! सासूबाईंनी अशी आरोळी ठोकली की नवरा अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला. त्याला वाटलं, पुन्हा पडल्या.

साळू म्हणजे त्यांच्या व्हिडिओ गेममधलं साळिंदर. गोल पोट, डोक्यावर निळी तिकोनी टोपी, टोपीच्या टोकातून वर आलेला एक काटा. मार बसला की टोपी उडते आणि ती परत डोक्यावर चढेपर्यंत बिचारा जागचा हलत नाही. पाय मोडून आई घरात बसल्या, तेव्हा त्यांचा वेळ जावा म्हणून मीच जुना टॅब हातात दिला. आता आमचा वेळ जातो — "अगं बघ ना, बघ ना, आता उडी मारतोय!"

बोटं आखडतात म्हणून त्या टॅबच्या पेनाने खेळतात. आज त्या पेनाकडे बघताना मनात आलं, त्याच्या डोक्यावर बसेल अशी टोपी केली तर? कागदाच्या घड्यांची. नखाएवढी. गुपचूप.

६ फेब्रुवारी

साधा कागद जाड पडतो, तिसऱ्या घडीलाच फुगतो. आमच्या कारखान्यात औषधांच्या खोक्यात जी माहितीपत्रकं घालतात त्यांचा कागद मात्र कांद्याच्या सालीसारखा पातळ. दिवसभर मी तीच पत्रकं तपासते, तरी हे आधी सुचलं नाही! बाद झालेली थोडी नेऊ का, म्हणून सुपरवायझरांना विचारलं.

"मॅडम, तो कचरा आहे."

"हो, पण कंपनीचा कचरा आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "न्या. कोणी अडवलं तर मला हाक मारा." सगळा विभाग हसला. मीही हसले. पण न विचारता नेलं असतं तर माझ्या हातून एक घडी सरळ पडली नसती, हेही खरं.

८ फेब्रुवारी

आधी मोठ्या कागदावर हात बसवला. चौकोनाचा तिकोन, टोकं आत, कडा बाहेर उलटवून तीन कोपरे. झकास जमली. नवरा ती घालून घरभर फिरला. "आईला टोपी घालतेयस होय!" म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूश.

छोटी करताना आपलीच बोटं आड येतात. भुवया कोरायचा चिमटा घेतला, घडी दाबायला दात कोरायची काडी. श्वास रोखून शेवटचा कोपरा उलटवला — आणि नवरा शिंकला. टोपी गायब! दोघंही जमिनीवर रांगतोय.

पलंगावरून आई: "काय हरवलंय?"

"काही नाही!"

"काही नाही शोधायला दोन माणसं लागतात?"

१० फेब्रुवारी

सापडली नाही. दुसरी केली. हिच्या कडेवर नेमकी छापील अक्षरं आली — 'जेवणानंतर'. साळूने टोपी जेवणानंतर घालायची! आता कोरा समास कापून तिसरी.

११ फेब्रुवारी

धाकट्या भाऊजींचा फोन. "वहिनी, आईला आता इकडेच आणतो. कायमची. माझा तळमजला आहे, दारात अंगण आहे. तुमच्याकडे तीन जिने, लिफ्ट नाही. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. डॉक्टर म्हणालेत, घरात चाला, जिना वर्षभर विसरा. पडल्यापासून आईंनी रस्ता पाहिलेला नाही.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. पण हे कोणासाठी — त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? संध्याकाळी दार उघडताच कोणीतरी साळूची खबर द्यायला हवं, म्हणून एका म्हाताऱ्या बाईला तिसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवायचं? नवऱ्याला विचारलं. "आई ठरवेल," म्हणाला.

म्हणून मी आईंपुढे दोन्ही बाजू नीट मांडल्या. तिकडचं अंगण, इकडची सवय. तिकडची नातवंडं, इकडचा दवाखाना. माझ्या आवाजात काही येऊ दिलं नाही, ह्याचं मला समाधानही वाटलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि पेन उचललं.

साळू तीनदा बुडाला. एरवी नदी त्या डोळे मिटून पार करतात.

१३ फेब्रुवारी

तिसरी टोपी कोरी, सुबक, तिन्ही कोपरे सारखे. निळी शाई लावली — लगदा! कागद आधी रंगवायचा, वाळवायचा, मग घड्या. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मी चक्क रडले. टोपीसाठी इतकं? टोपीसाठी नव्हे, ते मला कळतंय.

१४ फेब्रुवारी

नवऱ्याने कागद रंगवून दिले. नाकाला रुमाल बांधून!

१६ फेब्रुवारी

जमली!! काटा म्हणून जुन्या ब्रशचा एक केस टोकात खोचला. पेनावर चढवली तर अशी बसली, जणू पेन तिच्यासाठीच केलंय. चहाच्या कपाशेजारी ठेवून दिली आणि उगाच कपडे घडी करत बसले.

आईंनी पेन उचललं. चष्मा वर केला, खाली केला. मग तोंडावर हात ठेवून जे हसल्या! पेन चादरीवरून टुणटुण चालवत नेलं, माझ्या गुडघ्यावर उडी मारायला लावली, पुन्हा मागे. "अगं, काटासुद्धा! ही केव्हा केलीस?"

"रोज थोडी थोडी. तिकडे गेल्यावर तुम्हाला सोबत म्हणून."

हे मी का बोलले! त्यांनी टोपी काढून तळहातावर ठेवली.

"म्हणजे ही निरोपाची."

"तसं नाही आई. तुम्हाला जे सोयीचं —"

"नखाएवढी टोपी करायला हात आहेत तुला. 'जाऊ नका' म्हणायला तोंड नाही?"

"तुमच्यावर दडपण नको म्हणून मी —"

"वकिलासारखी दोन्ही बाजू सांगत होतीस त्या दिवशी. मी वाट बघत होते, आता ही स्वतःचं काही म्हणेल. काहीच म्हणाली नाहीस. मग मला वाटलं, हिला माझा कंटाळा आलाय आणि सांगायची सोय नाही."

मी न्यायाने वागत होते, आणि ह्या बाईच्या कानावर ते असं पडत होतं! पाच दिवस!

"आई, जाऊ नका." आवाज चिरकला.

"मोठ्याने म्हण. त्यालाही ऐकू दे."

"जाऊ नका!"

स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "मीही तेच म्हणतोय!"

"तू उशिरा आलास," आई म्हणाल्या, आणि टोपी पेनावर चढवून नदी पार करायला लागल्या.

१९ फेब्रुवारी

भाऊजी आले. आईंनी सरळ सांगितलं, "तुझ्याकडे येईन, पण पाहुणी म्हणून. हौसेने." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. दारात चपला घालताना मला म्हणाले, "वहिनी, तुमची माया कळते मला. पण तिने रस्ता कधी बघायचा, तेवढं सांगा."

आई खिडकीशी उभं राहून गाडी वळेपर्यंत बघत होत्या. गाडी गेल्यावरही बघत होत्या.

२३ फेब्रुवारी

कारखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं घर रिकामं आहे. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. खोल्या लहान, उजेड बेताचा, पण उंबरा ओलांडला की थेट रस्ता. उभ्या उभ्या 'घेतलं' म्हणून सांगून आले. महिनाअखेर आम्ही तिघंही इथून निघतोय. नवऱ्याला विचारलं नाही. आईंनाही नाही. घरी येऊन दोघांना फक्त सांगितलं!

नवरा आ वासून बघत राहिला. आई म्हणाल्या, "खुर्चीत बसवून उतरवा मला. आणि घाई करू नका, प्रत्येक मजल्यावर थांबायचं — मी सगळ्यांशी बोलत बोलत खाली जाणार आहे."